मागच्या नळीचं गाऱ्हाणं

तोंतों कानांत कापूस घालून बसायचा. दोन्ही कानांत. माणसाशी बोलायचं असलं की एका कानातला बोळा काढायचा, आणि माणूस आवडला नाही तर त्याचं बोलणं अर्ध्यावर असतानाच परत घालायचा. मी शाळेत शिकवणारी बाई. माझं वाक्य अर्ध्यावर असताना कोणी कान बंद केलेले मला खपत नाहीत. पहिल्याच भेटीत त्यानं माझ्यासमोर बोळा परत घातला, तेव्हा या माणसाशी आपलं जमायचं नाही हे मी ठरवून टाकलं. पुढं तो मरेपर्यंत आमचं जमलं.

तोंतों म्हणजे आमच्या मॉरिशसच्या क्रेओल बोलीत काका. माएबूर्गमध्ये लहानथोर सगळे त्याला तोंतोंच म्हणत. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली त्याचं पत्र्याचं छप्पर होतं आणि पुढं होड्या वर ओढून ठेवायचं अंगण. माएबूर्गच्या त्या घामट उकाड्यात तो वरच्या डोंगराळ क्युरपिपच्या थंडीतला लोकरीचा स्वेटर घालून हिंडायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, समुद्राचा गारवा आधी कानातून शिरतो, मग छातीत बसतो. आणि हा माणूस स्वतः कधी होडीत बसून पाण्यावर गेला नव्हता. होडी पाण्यात ढकलताना घोट्याच्या वर पाणी आलं की मागं सरायचा. आमची माणसं रत्नागिरीकडून ऊस तोडायला आली आणि जमिनीलाच चिकटून राहिली, तेव्हा त्यात मला नवल वाटलं नव्हतं. मला मात्र पोहायची भारी हौस. शनिवारी ब्लू बेला पोहून ओल्या केसांनी त्याच्याकडं गेले की तो माझ्या केसांकडं असा बघायचा, जणू मी काहीतरी उसनं आणलंय आणि ते मला परत द्यावं लागणार आहे.

तो एकच काम करायचा. फळ्या बसवणं, रंग देणं यासाठी त्याला कोणी बोलावत नसे, कारण ती कामं तो भिकार करायचा. त्याचं काम म्हणजे जुन्या होडीची मागची नळी बदलणं. शिडाच्या होडीला वारा पडला तर असावं म्हणून इंजिन असतं. इंजिनाचा दांडा होडीच्या मागच्या जाड लाकडातून बाहेर पाण्यातल्या पंख्यापर्यंत जातो, आणि त्या लाकडात दांड्याभोवती पितळी नळी बसवलेली असते. आत माणसं, बाहेर समुद्र, मध्ये एवढी ती नळी. दांडा फिरला पाहिजे आणि पाणी आत यायला नको, म्हणून नळीच्या आतल्या तोंडाशी चरबीत भिजवलेली दोरी ठासतात आणि वरून नट आवळतात. पण फार आवळून चालत नाही. थेंब थेंब पाणी आत यावंच लागतं, नाहीतर दांडा तापून जळतो. यावर तोंतोंचं ठरलेलं बोलणं होतं: "गळंल ती तरंल." नट आवळून आवळून होडी कोरडी ठेवणाऱ्या मालकांचा त्याला राग यायचा.

वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून नळीचं पितळ गुलाबी पडतं आणि नखानं भुगा होईल इतकं ठिसूळ होतं. मग होडी वर ओढायची, पंखा काढायचा, दांडा काढायचा आणि नळी लाकडातून ओढून काढायची. हे काम कोणीही चांगला मिस्त्री करील. तोंतोंची अट मात्र वेगळी होती. नळी काढायच्या आधी तो बाहेरून तिच्या तोंडाशी बसून गाऱ्हाणं घालायचा, आणि ज्याची होडी त्यानं आत बसून नळीच्या दुसऱ्या तोंडातून जाब द्यायचा.

गाऱ्हाणं आमच्याकडं अजून घालतात. घरातला वडीलधारा देवाला हाक मारून एकेक गोष्ट सांगतो आणि बाकीचे मागून "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमची पोरं क्रेओलमध्ये हसतात, क्रेओलमध्ये भांडतात, आजीनं मराठीत काही विचारलं तर एकमेकांची तोंडं बघतात. पण गाऱ्हाणं सुरू झालं की "व्हय म्हाराजा" न चुकता म्हणतात. सगळी भाषा विसरली तरी तेवढं जिभेवर राहतं. तोंतों म्हणायचा, मेल्यावरही राहतं.

ज्यानं जाब दिला त्याचा बातो, म्हणजे होडी, हा त्याचा कायदा. कागदावर कोणाचंही नाव असो. क्युरपिपचे आमच्यातलेच एक वकील होते. त्यांना होडीच्या पोटात वाकून बसायची लाज वाटली, म्हणून त्यांनी ड्रायव्हरला बसवलं. ड्रायव्हरनं खणखणीत आवाजात "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्या दिवसापासून इंजिन वकिलांच्या हातानं कधी सुरू झालं नाही. ड्रायव्हरनं नुसतं बोट लावलं तरी व्हायचं. शेवटी वकील कंटाळून क्युरपिपच्या पावसात घरी बसले आणि ड्रायव्हर त्या होडीतून मासे धरायला लागला. ही गोष्ट सांगताना तोंतों इतका हसायचा की कानातला बोळा खाली पडायचा.

काढलेल्या नळ्या तो फेकत नसे. छपराच्या भिंतीला त्या ओळीनं उभ्या केलेल्या असत, आणि प्रत्येकीची दोन्ही तोंडं फडकं आणि मेण घालून बंद केलेली. उघडी राहिली तर ऐकू येतं, म्हणायचा. काय ऐकू येतं, ते विचारायची सोय नव्हती. लगेच बोळा कानात. दाराशी एक आखूड नळी एकटीच होती. ती त्याच्या बापाच्या होडीची. बाप समुद्रात गेल्यावर तिचा जाब यानं दिला होता. होडी केव्हाच कुजून गेली, नळी राहिली. म्हणून तो पाण्यात जात नसे. बायको नाही, पोर नाही. "मी बुडलो तं माज्या जागी जाब कोन देनार?" असं तो मला एकदा म्हणाला. मी म्हटलं, मग लग्न करायचं होतं. त्यावर त्यानं दोन्ही बोळे घातले.

हे सगळं मला माहीत झालं ते दादामुळं.

माझा थोरला भाऊ कस्टममध्ये नोकरीला होता. एका म्हाताऱ्या मळेवाल्याची जुनी शिडाची होडी त्याच्या मनात भरली आणि त्यानं ती घेतली. त्या वेळी नळी बदलायची नव्हती, नुसती दोरी नवी ठासायची होती. पण तोंतोंनं तेवढ्यासाठीही गाऱ्हाणं घातलं. दादा मोठा नकलाकार. आत बसून त्यानं आधी बोटातल्या अंगठीनं लाकडावर टकटक केलं, दारावर आलेल्या पाहुण्यासारखं, आणि मग सूर लांबवून "व्हऽऽय म्हाराजा" म्हणाला. मी आणि वहिनी बाहेर उभ्या राहून हसून हसून दमलो. तोंतों हसला नाही.

काही वर्षांनी, सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं असताना, दादा एका रविवारी सकाळी एकटा बाहेर पडला. वादळ नव्हतं, लाट नव्हती. दुसऱ्या दिवशी कोळ्यांना होडी प्रवाळाच्या कडेबाहेर तरंगताना सापडली. शीड नीट गुंडाळलेलं, जेवणाचा डबा न उघडलेला. मागच्या नळीतून पाणी आत येत होतं आणि होडी निम्मी भरली होती. दादा नव्हता. पुढंही सापडला नाही.

वहिनी रडली नाही. क्वात्र बॉर्नच्या आमच्या घरात ती दादाचं ताट वाढायची, त्याचे शर्ट धुवून इस्त्री करून ठेवायची. नातेवाईक बायका दिवसकार्याचं बोलायला आल्या की चहा करायला उठायची आणि परत बाहेर येत नसे. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. ती वाळत चालली होती. शाळेतून आले की मी आधी तिचं ताट बघायची आणि ते तसंच असायचं. मला भाऊ परत मिळणार नव्हता हे मला कळत होतं. पण वहिनीही त्याच्या मागं चालली होती, आणि ते मला बघवत नव्हतं. एक दिवस तिनंच विषय काढला. होडी दुरुस्त करून ठेवायची म्हणाली. हे आले आणि होडी तशीच पडलेली दिसली तर काय म्हणतील?

म्हणून आम्ही तोंतोंकडं गेलो. त्यानं होडी वर ओढून घेतली, पंखा काढला, दांडा काढला. नळी गुलाबी पडली होती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून नवी नळी घडवून आणली. मग जुनी काढायची म्हणून त्यानं वहिनीला आत बसायला सांगितलं, आणि गाडं अडलं.

"मी जाब दिला तं बातो माजा झाला," वहिनी म्हणाली. "मग हे परत आले तं त्यांना काय सांगू?"

तोंतोंनं एका कानातला बोळा काढला होता. तो हातात चुरगाळत तो म्हणाला, "तो यायचा ऱ्हायला न्हाय, बाय. तो जायचा ऱ्हायलाय. जाब त्येनं दिलाय. दुसरं कोन देत न्हाय तोवर त्येला हितनं हलता येत न्हाय."

वहिनीनं त्याच्याकडं पाठ फिरवली ती थेट बस येईपर्यंत. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की वाटेत मी क्रेओल, मराठी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषांत त्याला शिव्या घातल्या. वहिनी खिडकीबाहेर ऊस बघत बसली होती.

मग तोंतोंनं गाऱ्हाण्यावाचूनच नळी काढायला बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपला कायदा मोडला असेल. नळीतून आटे पाडलेला लांब गज घातला, एका टोकाला लोखंडी चकती, दुसऱ्या टोकाला नट. नट फिरवला की नळी केसाकेसानं बाहेर यायला हवी. आली नाही. त्यानं रॉकेल घातलं, दिव्यानं शेकली, नटावर त्या माणसानं सगळं अंग टाकलं. आतल्या आत लाकूड कण्हल्यासारखं वाजायचं, एवढंच. असे कितीतरी शनिवार गेले. वहिनी दर वेळी माझ्याबरोबर यायची, तोंतोंसाठी डबा आणायची आणि होडीकडं पाठ करून बसायची. पण यायची.

एका शनिवारी भर दुपारी, ओहोटी होती, फिलाओचं पानही हलत नव्हतं, तोंतोंनं गज काढून बाजूला ठेवला. दोन्ही कानांतला कापूस काढला. हे मी प्रथमच बघत होते. त्याचे कान आतून पांढरेफटक होते. होडीत कोणी नव्हतं, शिडी बाजूला टेकलेली होती. तो नळीच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि हळू आवाजात सुरू झाला.

"बा समुद्राच्या राखनदारा म्हाराजा. रत्नागिरीच्या पान्यावरनं आमी तुज्या हद्दीत आलो, म्हाराजा. तुजा ऊस तोडला, तुजा मासा खाल्ला. आज ह्या बातोची नळी काढतोय, म्हाराजा. ज्येचा बातो त्येनं जाब द्यावा."

आतून टकटक झालं. मग आवाज आला, "व्हऽऽय म्हाराजा."

वहिनी उठून उभी राहिली. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की म्हातारा पोटातून आवाज काढतोय. त्यानं दादाचा तो जाब ऐकलेला होता, नक्कल करणं अवघड नव्हतं. चांगला उघडा पाडते याला, असं म्हणत मी शिडी लावून वर चढले आणि आत उतरले. आत कोणी नव्हतं. लाकूड घासल्याचा पिठासारखा भुगा तळभर पसरला होता आणि त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. मी नळीच्या आतल्या तोंडाशी गुडघ्यावर बसले. नळीतून खालचा उजेड दिसत होता. मग तो झाकला गेला. वहिनीनं बाहेरून तोंड लावलं होतं.

"जेवलात?" वहिनीनं विचारलं.

माझ्या गुडघ्याशेजारी लाकडावर टकटक झालं. मी बघत होते तिथंच. भुगा जरासा उडाला.

"व्हऽऽय म्हाराजा."

"थंडी वाजते का?"

टकटक. "व्हऽऽय म्हाराजा."

"मी वाट बघू?"

"व्हऽऽय म्हाराजा."

मग तिनं अगदी हळू विचारलं, "नको बघू?"

टकटक. "व्हऽऽय म्हाराजा." तोच सूर, तेवढाच लांबवलेला.

दादानं जन्मात वहिनीच्या एका प्रश्नाला सरळ उत्तर दिलं नव्हतं. जेवलात का विचारलं तर म्हणायचा, तू वाढलंस ते जेवण होतं होय? त्या आवाजात दादाचं सगळं होतं आणि दादा नव्हता. मला भीती वाटली ती त्यानं. खालून तोंतोंचं बोलणं ऐकू आलं. "इचारू नको, बाय. इचारशील त्येला व्हय म्हनंल. त्येच्याकडं तेवडंच उरलंय."

मग शिडी वाजली. वहिनी वर आली, माझ्याकडं न बघता आत उतरली, मला बाजूला सारून नळीपाशी बसली आणि टकटक व्हायचं त्या जागेवर तिनं हात ठेवला. "तोंतों, परत म्हना," ती म्हणाली.

त्यानं सगळं परत म्हटलं. शेवटचं वाक्य संपतासंपता वहिनीच्या हाताखाली काही हललं असावं, कारण तिनं हात घट्ट दाबला आणि घाईनं म्हणाली, "व्हय म्हाराजा."

टकटक झालं नाही.

तोंतोंनं गज घातला आणि नट फिरवला. नळी सुरी लोण्यातून निघावी तशी आली. होडी कित्येक महिने कोरड्यावर होती, तरी नळीतून ओंजळभर पाणी वाळूत पडलं. तोंतोंनं लगोलग तिची दोन्ही तोंडं फडक्यानं बंद केली. वहिनी आतच बसून होती. मोकळ्या भोकातून तिच्या तोंडावर उजेड पडला होता आणि ती रडत होती, पहिल्यांदा. मी तिला धरायला गेले तर खालून तो ओरडला, "ऱ्हाऊ दे, गळू दे तिला."

नवी नळी त्यानं जवसाच्या तेलात कालवलेल्या शेंदरात बसवली. पाणी अडवायला शेंदरासारखं दुसरं काही नाही, असं त्याचं म्हणणं. तो शेंदूर त्यानं वहिनीच्या हातानं लावून घेतला. घाम पुसताना तिच्या कपाळाला लाल पट्टा लागला, ती पुसायला गेली तर तो म्हणाला, "बातोच्या मालकिनीनं कपाळ पुसायचं न्हाय." तिनं पुसलं नाही. पुढं दिवसकार्य झालं, मंगळसूत्र तिनं स्वतः काढून पेटीत ठेवलं, कुंकू मात्र ठेवलं. नातेवाईक बायकांनी तोंडं वाकडी केली, ती अजून वाकडी आहेत. दादाचं ताट वाढणं थांबलं आणि स्वतःच्या ताटातलं ती जेवायला लागली. होडी चालवायला शिकली. ऐंशीच्या पुढं हॉटेलं झाली तशी पाहुण्यांना घेऊन लागोंमध्ये, प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात, फेऱ्या मारायची.

मी बरेच दिवस घोकत राहिले की यात काहीतरी चलाखी होती. तोंतोंला तसं तोंडावर म्हटलंही. तो म्हणाला, "असंल." आणि बोळा घातला नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं असताना एका हिवाळ्यात त्याची छाती भरली. मी बघायला गेले तेव्हा तो स्वेटरवर स्वेटर घालून पडला होता. दाराकडं, त्या आखूड नळीकडं बघून म्हणाला, "मी ह्येच्यात अडकनार बग. माजं गाऱ्हानं घालाया कोन न्हाय." मी नेहमीसारखी थट्टा केली, तुम्ही कान बंद करून बसता, तुमचं गाऱ्हाणं कोण घालणार? तो हसला. आठवड्यानं गेला. प्रेताच्या कानात कापूस घालायची वेळ आली तेव्हा तो आधीच घातलेला होता.

जागा मोकळी करायची होती म्हणून भंगारवाल्यांनी नळ्या गोळा केल्याचं कळलं, तेव्हा दादाची नळी सोडवायला मी आणि वहिनी गेलो. वजन करताना मध्ये येतात म्हणून त्या लोकांनी सगळ्या नळ्यांची फडकी उपसून टाकली होती आणि ते जेवायला गेले होते. फिलाओत वारा होता आणि भिंतीशी त्या नळ्या बारीक आवाजात वाजत होत्या. वहिनीनं दादाची नळी ओळखली. तोंड लावून विचारलं, "जेवलात?" आणि वाट पाहिली. काही आलं नाही. तिनं आणखी वाट पाहिली. मग सुटकेचा निःश्वास टाकला आणि नळीवरून हात फिरवला.

निघताना दाराशी ती आखूड नळी दिसली. वहिनी थबकली. वाकून म्हणाली, "तोंतों, सुटलात का?"

"व्हय म्हाराजा." घोगरा, चिडका, अर्ध्या वाक्यावर तोडणारा आवाज.

वहिनीचा चेहरा उतरला. तिनं परत विचारलं, "अडकलात?"

"व्हय म्हाराजा."

एका माणसाला एकच जाब देता येतो, हाही त्याचाच कायदा. वहिनीचा देऊन झाला होता. ती माझ्याकडं बघत राहिली. मला नवरा नाही, पोर नाही, या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि माझ्यामागं माझ्यासाठी जाब द्यायला बसणारं कोणी नाही. हे सगळं मी तिला सांगणार होते. पण आतून परत आलं, कोणी काही न विचारता, "व्हय म्हाराजा," आणि या वेळी तो आवाज माझं बोलणं तोडून बोळा घालणाऱ्या तोंतोंचा नव्हता; एकट्या पडलेल्या माणसाचा होता. मला तो म्हातारा फार आवडायचा, हे मला तेव्हा कळलं.

मी मातीत नळीच्या दुसऱ्या तोंडाशी बसले. वहिनीनं गाऱ्हाणं घातलं. तिला ते सगळं पाठ होतं. "ज्येची नळी त्येनं जाब द्यावा," ती म्हणाली. मी त्याच्या आधी बोलले.

नळीतून माझ्या तोंडावर गार वारा आला आणि थांबला. आत मग काही नव्हतं. मी तिची दोन्ही तोंडं बंद केली. ती नळी आता क्वात्र बॉर्नला माझ्या दाराशी असते. वहिनी अजून मला ब्लू बेला चल म्हणते आणि मी जातेही, पण त्या दिवसापासून मी घोट्याच्या वर पाणी येऊ दिलेलं नाही.